पटकीपासून जलसंजीवनीपर्यंत : वारीच्या वाटेवरच्या तहानेचा इतिहास

आपल्या दिंडीची शंभर वर्षं पुरी झाली. दिंडी कशी सुरू झाली, वीणा कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या गावाने किती पिढ्या पंगत दिली, हे सगळं या अंकात इतरांनी लिहिलंच आहे. मी लिहितोय ते एका साध्या गोष्टीबद्दल. ती म्हणजे अंगातलं पाणी. ते आटलं की माणूस कसा जातो, वेळेवर भरून दिलं की कसा वाचतो, आणि हे कळायला जगाला किती वर्षं लागली. हा इतिहास वारीच्या वाटेशी फार जवळून जोडलेला आहे. तो माहीत असला तर उद्या आपल्याच फडातल्या एखाद्या माउलीचा जीव वाचेल.

जुन्या वारीतलं भय

जुन्या लोकांना वारीत वाघाचं, चोराचं भय होतंच, पण खरं भय होतं पटकीचं. कुणी तिला महामारी म्हणत, कुणी वाखा, कुणी नुसतंच 'ढाळ-वांती' म्हणत. सकाळी टाळ वाजवणारा गडी दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा आणि दिवस मावळायच्या आत वाळून जायचा. डोळे खोल, गाल बसलेले, आवाज घोगरा, हातापायाला गोळे, बोटांची कातडी सुरकुतलेली. घरचा माणूस ओळखू येऊ नये अशी दशा.

गावोगाव मरीआईची ठाणी आहेत ती याच भयातून. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही रीत कितीतरी गावांत होती. आज आपण त्याला हसू नये. आजार कशाने येतो हे ज्यांना माहीत नव्हतं आणि औषध कुणापाशीच नव्हतं, त्यांनी आणखी काय करायचं?

पटकीची पहिली मोठी साथ 1817 साली बंगालमधल्या जेसोर भागातून उठली. 1818 मध्ये ती दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत पोचली होती. पुढच्या काही वर्षांत ती हिंदुस्थानाबाहेरही गेली. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात. म्हणजे आपला सोहळा आणि पटकी दोन्ही एकाच काळात वाढले. आषाढात हजारो माणसं एका जागी, पहिल्या पावसाने गढूळ झालेलं पाणी, तेच पिण्याला, तेच आंघोळीला आणि त्याच्याच काठाला बसायचं. पटकीला यापेक्षा सोयीचं काय हवं? वारकरी परत गावी निघाले की साथही त्यांच्याबरोबर वाटेने जायची. 1867 च्या हरिद्वारच्या कुंभानंतरही असंच झालं होतं.

इंग्रज सरकारने यात्रांवर नजर ठेवली, कर घेतले, निर्बंध आणले. पुढे पटकीची लस निघाली. हाफकिन साहेबांनी 1893 पासून हिंदुस्थानात ती टोचायला सुरुवात केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेला नाव मिळालं ते याच माणसाचं. विसाव्या शतकात यात्रेकरूंना सुई टोचायची पद्धत पडली. पण त्या लसीचं बळ थोडं आणि थोड्याच दिवसांचं होतं. आणि आजार झालाच, तर लस काही कामाची नव्हती. आजारी पडलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न तसाच उभा होता.

पाणी तोडायची चूक

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, कारण ती अजून आपल्या घराघरात जिवंत आहे. जुलाब लागलेल्या माणसाला पाणी देऊ नका, दिलं की जुलाब वाढतात, अशी समजूत होती. ती फक्त खेड्यातल्या माणसांची नव्हती. युरोपातले मोठमोठे डॉक्टरही पटकीच्या रोग्याला पाणी तोडत, वर जुलाबाचं औषध देत आणि शीर कापून रक्त काढत. रोगी 'पाणी, पाणी' करत जायचा.

1831-32 मध्ये साथ इंग्लंडात शिरली. तेव्हा ओशॉनेसी नावाच्या एका तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. रक्त घट्ट झालेलं, त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले. त्याने लिहिलं की जे गेलं ते परत द्या. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला, आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकण्याचं कामही त्याने केलं.

त्याचं लिहिणं वाचून 1832 मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी डॉक्टर लाट्टा यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. बाई जवळजवळ गेलेलीच होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर तेज आलं, ती बोलू लागली. डॉक्टर निश्चिंत होऊन निघून गेले. पण जुलाब थांबलेले नव्हते. पाणी पुन्हा गेलं, ते भरून द्यायला कोणी नव्हतं, आणि बाई दगावली. एकदा दिलं म्हणजे झालं असं नाही. जितकं जातंय तितकं देत राहावं लागतं. हा धडा त्या बाईने जगाला दिला. पण पुढच्याच वर्षी लाट्टा वारले आणि हा उपाय बराच काळ अडगळीत पडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचं पाणी देण्याची रीत पुन्हा बसवली आणि मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली आणलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी पहिल्यांदा निघाली, तेव्हा सलाईन होतं. पण कुठे? मोठ्या शहराच्या इस्पितळात. त्याला उकळलेली सुई हवी, निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या हव्या, शीर धरणारा डॉक्टर हवा. वारीच्या वाटेवर, राहुटीत पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आतडं मीठ घेतं, पण साखरेच्या सोबतीने

मग एवढं पाणी तोंडानेच का देऊ नये? दिलं तर नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पटकीच्या रोग्याच्या आतड्यातून तसंच निघून जायचं. किल्ली कशात आहे हे पुढे कळलं.

कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 मध्ये पटकीच्या 186 रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडानेच दिलं आणि ते बरे झाले. हे त्यांनी विलायतेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तरी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1959 मध्ये कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी दाखवलं की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषानेच आतडं पाणी गाळू लागतं. 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी सांगितलं की आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे, ज्यातून साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. पटकीचं विष बाकी सगळं बिघडवतं, पण हे दार उघडंच राहतं.

एकट्या मिठाला वाट नाही, साखर सोबत असली की वाट मिळते. सोबतीचं महत्त्व वारकऱ्याला वेगळं सांगायला नको. 1968 मध्ये ढाक्याला डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे रोग्यांवर नीट मोजून सिद्ध केलं. तोंडाने पाणी पाजल्यावर शिरेतून द्यायचं सलाईन तब्बल 80 टक्क्यांनी कमी लागलं.

बनगावची परीक्षा

पण ती इस्पितळातली परीक्षा होती. खरी परीक्षा 1971 मध्ये झाली. बांगलादेशाच्या लढ्यात सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत घेऊन भारतात आली. पावसाळ्याचे दिवस, चिखल, छावण्यांत दाटी, आणि त्यात पटकी. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात दोन खोल्या आणि 16 खाटा. रोगी जमिनीवर पडलेले. सगळीकडे जुलाब-उलट्यांचा राडा. त्यात गुडघे टेकून डॉक्टर सलाईन लावत होते. आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

तिथे डॉक्टर दिलीप महालनबीस होते. त्यांनी ठरवलं की आता तोंडानेच पाजायचं. कलकत्त्यात त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला गेला. पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. बनगावला ते मोठमोठ्या पिंपांत पाण्यात कालवायचं, पिंपाला तोटी, आणि रोग्याच्या नातेवाइकाच्या हातात भांडं. पाजणारे कोण? आई, बाप, भाऊ, शेजारी. डॉक्टर-नर्स पुरेसे नव्हतेच. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला 'तोंडाने घ्यायचं सलाईन' असं नाव दिलं.

छावण्यांत शंभरातले तीसेक रोगी मरत होते. महालनबीस यांच्या देखरेखीखालच्या तीन हजारांहून जास्त रोग्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं. त्यांचा लेख आधी नाकारला गेला आणि 1973 मध्ये छापला गेला. 1978 मध्ये त्याच विलायतेच्या नियतकालिकाने लिहिलं की हा उपाय कदाचित या शतकातला वैद्यकाचा सर्वांत महत्त्वाचा शोध ठरेल. महालनबीस 2022 मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. फाळणीआधी बनगाव हे जेसोर जिल्ह्यातच होतं. ज्या मुलखातून 1817 साली पटकी उठली, त्याच मुलखात 154 वर्षांनी तिच्यावरचा उपाय खरा ठरला. आणि तो निघाला मीठ-साखर-पाण्यात!

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका 1980 पासून दहा वर्षं घरोघर हिंडल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरांत त्यांनी आयांना शिकवलं : अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. आईला ते नीट आठवतंय की नाही हे नंतर कोणी तरी जाऊन विचारायचं, आणि त्यावर शिकवणाऱ्या बाईचा मोबदला ठरायचा. नुसतं सांगितलं म्हणजे शिकवलं असं त्यांनी मानलं नाही.

आपल्याकडे या पाण्याला 'जलसंजीवनी' हे सुंदर नाव मिळालं. दुकानात, आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. 2002 पासून तिचं प्रमाण थोडं बदललं आणि ती जास्त सोसू लागली.

आजची वारी, आजची तहान

पटकीचं भय आता तसं उरलं नाही. टँकर आहेत, पाण्यात औषध पडतं, वाटेवर दवाखाने आहेत. पण अंगातलं पाणी आटणं थांबलेलं नाही. दूषित पाण्याचे, शिळ्या अन्नाचे जुलाब अजून होतात. आणि नुसत्या उन्हाने, घामानेही पाणी जातं.

माउलींच्या सोहळ्यातला पुणे ते सासवड हा टप्पा आठवा. तीसेक किलोमीटर चाल, वर दिवे घाट, पाऊस लांबला असेल तर भाजणारं ऊन. आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी जेष्ठ वद्य एकादशी. पुष्कळ मंडळी उपाशी चढतात, काही तर पाणीही घेत नाहीत. उपवासाला कोण नाही म्हणेल? पण म्हातारी माणसं, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, लेकुरवाळ्या, गरोदर बाया यांनी त्या दिवशी निर्जळी धरू नये. त्यांना सूट देणं ही आपल्या परंपरेतलीच रीत आहे, आणि ते त्यांना फडातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितलं तर ते ऐकतात.

दुसरी गोष्ट बायांची. आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे आपण सगळे जाणतो, पण बोलत नाही. आता वाटेवर फिरती शौचालयं आली आहेत, तरी ती सगळीकडे पुरत नाहीत. मुक्कामाची जागा बघणाऱ्याने पाण्याच्या आधी बायांचा आडोसा बघावा. तो असला की पाणी आपोआप प्यायलं जातं.

ओळखायचं कसं?

पाणी कमी पडू लागलं की तहान लागते, तोंड-ओठ सुकतात, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, डोकं दुखतं, उठल्यावर भोवळ येते. माणूस चिडचिड करतो किंवा मागे मागे पडतो. टाळाची लय चुकू लागली की जवळच्याने तोंडाकडे बघावं. म्हाताऱ्या माणसाला तहान कळतच नाही, म्हणून 'मला काही झालं नाही' यावर जाऊ नये.

पुढची पायरी म्हणजे डोळे खोल जाणं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळू खाली बसते. पण उतारवयात कातडी सैलच असते, तेव्हा त्यांच्या बाबतीत जीभ आणि लघवी बघावी. तान्ह्या बाळाचं रडताना पाणी येत नाही, टाळू खोल जाते.

माणूस सुस्त पडला, नीट बोलेना, पाणी पिता येईना, नाडी बारीक लागली, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, शौचातून रक्त पडलं, तर वाट बघू नये. 108 ला फोन करावा आणि तोवर शुद्धीत असेल तर घोट घोट पाजत राहावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. उन्हाने अंग तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. तिथे पुडीवर भागत नाही.

द्यायचं कसं?

एक पुडी, एक लिटर स्वच्छ पाणी. पुडीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी. कमी पाण्यात कालवू नये, वर साखर घालू नये. कालवलेलं 24 तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं. बाजारातली खोक्यातली गोड पेयं ओआरएससारखी दिसतात, पण ती ओआरएस नव्हेत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्यावा.

पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. चव घेऊन बघावी, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं आणि नवं करावं. ताक, भाताची पेज, मीठ घातलेलं लिंबूपाणी हेही सुरुवातीला चालतं.

जुलाब लागलेल्या मोठ्या माणसाला मागेल तेवढं द्यावं. पाणी आटल्याच्या खुणा दिसत असल्या, तर 50 किलोच्या माणसाला चार तासांत तीन ते चार लिटर लागतं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक छोटा पेला, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला एक ते दोन पेले. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या चमच्याने सुरू करावं. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं थांबवू नये. जेवणही तोडू नये, मऊ भात-वरण द्यावं. हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि एक लक्षात ठेवावं : जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. ती गेलेलं भरून काढते. जुलाब थांबले नाहीत म्हणून ती बंद करणं, म्हणजे लीथच्या त्या बाईसारखं अर्ध्या वाटेत सोडून देणं.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

शंभर वर्षं आपल्या दिंडीने वीणा खाली ठेवली नाही. तशीच एक पेटी असावी. तिच्यात पंचवीस-तीस पुड्या, लिटरची खूण केलेली बाटली, चहाचा चमचा. ती कोणाकडे आहे हे फडातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. निघण्याआधीच्या बैठकीत दोन माणसं, त्यातली एक बाई, पाणी कालवून दाखवतील आणि चार जणांकडून करून घेतील. ब्रॅकच्या बायांसारखं मुक्कामावर एखाद्या दिवशी विचारावं, 'माउली, सांगा बघू, मीठ किती आणि साखर किती?'

तहानलेल्याला पाणी देणं ही आपल्या संप्रदायाची जुनी सेवा आहे. वाटेवरच्या गावांनी आपल्याला किती पिढ्या पाणी पाजलं. बनगावलाही पाजणारे हात घरच्यांचेच होते, आणि बांगलादेशातल्या आयांना चिमूट आणि मूठ माहीत झाली होती. आपणही ती शिकून घेऊ, म्हणजे आषाढात निघालेली प्रत्येक माउली चंद्रभागेत स्नान करून आपल्या घरी सुखरूप परतेल.

रामकृष्ण हरी!